पासष्टीचं न आलेलं पत्र

अमेरिकेत चौसष्टावं वर्ष लागलं की टपालपेटी भरून वाहू लागते. गुळगुळीत कागदावर हसणारे आजी-आजोबा, हॉटेलातल्या मोफत जेवणाचं आमंत्रण, लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’ असं छापलेली आणि सरकारी वाटावीत अशी बेतलेली पाकिटं. माझ्या नवऱ्याच्या पासष्टीआधीचं हे सगळं टपाल मी वर्षभर किराण्याच्या कागदी पिशव्यांत साठवत गेले. तीन पिशव्या भरल्या. एका रविवारी त्या जेवणाच्या टेबलावर उपड्या करून मी एकेक पाकीट बघितलं. विमा कंपन्यांची होती, एजंटांची होती, कानाची मशीनं विकणाऱ्यांची होती. एक पत्र मात्र त्यात नव्हतं. मेडिकेअर या पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात नाव नोंदवायचे तुमचे सात महिने अमुक तारखेला सुरू होतात, अमुक तारखेला संपतात, आणि ते चुकले तर मरेपर्यंत दंड भरावा लागेल, असं सरकारनं त्याच्या नावानं लिहिलेलं पत्र.

न्यू जर्सीतल्या एका इस्पितळाच्या बिलिंग विभागात मी बावीस वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीतल्या ज्येष्ठांचे मेडिकेअरचे कागद बघून देते. पैसे घेत नाही, कुठली पॉलिसीही विकत नाही. या कागदांनी माझं एक मत पक्कं केलं आहे. मेडिकेअरमध्ये उशिरा येणाऱ्याला दंड असायला माझी हरकत नाही. पण ज्याला वेळेत सांगितलंच नाही, त्याच्याकडून तो आयुष्यभर वसूल करणं हा अन्याय आहे. आणि सरकार ते पत्र लिहीत नाही तोवर आपण मराठी माणसांनी ते एकमेकांना लिहायला हवं.

आधी नियम, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. पासष्ट वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने मेडिकेअरचं दार उघडं असतं. पार्ट ए म्हणजे इस्पितळात भरती झाल्यावरचा खर्च. स्वतःची किंवा नवरा-बायकोपैकी जोडीदाराची सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतली चाळीस क्रेडिट्स, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी असेल, तर त्याला हप्ता नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, भरती न होता घेतलेले उपचार. त्याचा २०२६ चा सर्वसाधारण हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे. पार्ट डी म्हणजे औषधं. पार्ट बी घ्यायला उशीर झाला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढलेलाच राहतो. तीन वर्षं उशीर म्हणजे ३० टक्के, पासष्टाव्या वर्षी चुकलेल्या तारखेपायी नव्वदीतही. मूळ हप्ता दरवर्षी वाढला की टक्क्यांतला दंडही त्याच्याबरोबर वाढतो.

यातून सूट आहे, पण ती मुख्यतः एकाच वाटेनं. तुम्ही किंवा तुमचा जोडीदार त्या वेळी प्रत्यक्ष नोकरीत असेल आणि विमा त्या नोकरीचा असेल, तर थांबता येतं. नोकरी किंवा तो विमा यांतलं जे आधी संपेल तिथून आठ महिन्यांत पार्ट बी घेतला तर दंड नाही. कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पासष्टीनंतर पहिली जबाबदारी मेडिकेअरची धरली जाते, तेव्हा तिथे थांबू नये. निवृत्तांना कंपनीनं दिलेला विमा, बाजारातून स्वतः घेतलेला विमा आणि कोब्रा यांतलं काहीही या सवलतीसाठी चालत नाही. कोब्राचा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला. त्याबद्दल पुढे सांगते.

मेडिकेअरच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली, मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, म्हाताऱ्या हॅरी ट्रूमन यांना शेजारी बसवून. पहिलं कार्ड ट्रूमन यांना मिळालं. दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, त्याच जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं. एकाच वर्षातले हे दोन कायदे. दुसऱ्यामुळे आपण आलो आणि पहिल्याच्या आसऱ्याला आता पोचतो आहोत. वायटूकेच्या लाटेत पुण्या-मुंबईहून आलेले प्रोग्रॅमर आठवतात? त्यांच्यातले वयानं थोरले होते त्यांचा जन्म १९६० च्या आसपासचा. ते सगळे आत्ता पासष्टीच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

नेमकी याच पिढीची गोची झाली आहे. मेडिकेअर सुरू झाली तेव्हा पूर्ण पेन्शनचं वयही पासष्ट होतं. माणूस पासष्टीला सोशल सिक्युरिटी घ्यायचा आणि मेडिकेअर त्याच्या पाठोपाठ यायची. आजही जो पासष्टीच्या किमान चार महिने आधीपासून सोशल सिक्युरिटी घेत असतो, त्याचं नाव आपोआप नोंदलं जातं आणि कार्ड घरी येतं. पण १९८३ च्या सुधारणेनं पूर्ण पेन्शनचं वय हळूहळू वर नेलं. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते सदुसष्ट आहे. मेडिकेअरचं वय मात्र पासष्टच राहिलं. शहाणा माणूस पेन्शन सदुसष्टपर्यंत थांबवतो, काही सत्तरपर्यंत थांबवतात, कारण तितकी रक्कम वाढते. म्हणजे पैशाच्या बाबतीत जो विचार करून वागतो, नेमका तोच त्या आपोआप नोंदणीतून बाहेर पडतो. त्याला स्वतः जाऊन अर्ज करावा लागतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

अगदीच कोणी सांगत नाही असं म्हणणं रास्त होणार नाही. सोशल सिक्युरिटीच्या वार्षिक पत्रकात याबद्दल ओळी असतात. पण आपली माणसं संगणकावर पटाईत. त्यांनी ऑनलाइन खातं केव्हाच उघडलेलं असतं, आणि खातं उघडलं की ते पत्रक टपालानं येत नाही. ते खात्यात पडून राहतं आणि आपण ते उघडतो पेन्शनचा आकडा बघायला.

आता कोब्राबद्दल.

आमच्या कुटुंबाचे जुने स्नेही. त्यांना मी इथे भाऊ म्हणते. जून २०२३ मध्ये त्यांची नोकरी गेली. वय सहासष्ट. तीस वर्षांत एकदाही विम्यात खंड पडू दिला नव्हता, त्यामुळे त्यांनी कोब्रा घेतला, म्हणजे कंपनीचाच विमा, पण पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून. हप्ता जबर होता. तरी म्हणाले, ‘वहिनी, या वयात विम्याशिवाय राहायचं नाही.’ कंपनीच्या एचआरमधल्या बाईंना त्यांनी फोनवर विचारलं होतं की मेडिकेअरचं काही करायला हवं का. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे आमचा विमा आहे ना, मग घाई नाही.

आठ महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. त्यांना पत्ताही नव्हता. ऑगस्टमध्ये छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, एक रात्र इस्पितळात काढली. ती रात्रसुद्धा कागदोपत्री ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणून नोंदली गेली. म्हणजे कॉटवर झोपलेला माणूस हिशेबात भरती झालेलाच नव्हता, आणि सगळा खर्च पार्ट बीच्या वाट्याचा. कोब्राच्या विमा कंपनीनं जन्मतारीख बघितली आणि पत्र पाठवलं: तुम्ही मेडिकेअरला पात्र आहात, पार्ट बीनं जेवढे दिले असते तेवढे आम्ही देणार नाही, तुम्ही पार्ट बी घेतला होता की नाही हा आमचा प्रश्न नाही. बिल पाच आकडी होतं. आणि पार्ट बी घ्यायचं तर दार थेट जानेवारीत उघडणार होतं, कारण मुदत चुकलेल्यांसाठी १ जानेवारी ते ३१ मार्च एवढाच काळ असतो.

बिलिंगमध्ये असताना मी असली बिलं पाठवलेली आहेत. पलीकडे कोण बसलेलं असतं ते तेव्हा दिसत नव्हतं. भाऊंच्या स्वयंपाकघरात ते बिल पसरून बसलो होतो तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘हप्ता चुकवला असता तर समजलं असतं. मी तर एकही चुकवला नाही.’

त्यांना पुढे लागलेला दंड तसा लहानच, १० टक्के, कारण एकोणीस महिन्यांत बारा महिने एकदाच बसतात. खरा घाव बिलाचा होता. पण दंड असो की बिल, दोन्ही आले एकाच गोष्टीतून. त्यांनी जबाबदारीनं वागायचं म्हणून जे केलं, ते कायद्याच्या पुस्तकात बसत नव्हतं.

दंड कशासाठी असतो? विम्याचं तत्त्व साधं आहे. सगळ्यांनी धडधाकट असताना हप्ते भरले तर आजाऱ्याचा खर्च निघतो. आजार होईपर्यंत थांबायचं आणि मग आत शिरायचं असं सगळ्यांनी केलं तर विमा बुडेल. १९६६ मध्ये पार्ट बीचा हप्ता महिन्याला ३ डॉलर होता. आजही त्या भागाच्या खर्चापैकी साधारण चौथा हिस्साच हप्त्यांतून येतो, उरलेलं सरकारी तिजोरीतून. तेव्हा वेळेवर न येणाऱ्याला थोडा चटका बसावा, हे मला पटतं. मी स्वतः वेळेवर हप्ते भरणाऱ्यांतली आहे.

पण भाऊंनी कोणाला फसवलं? ते बिनविम्याचे राहून वाट बघत बसले नव्हते. कोब्राच्या त्या अठरा महिन्यांत मेडिकेअरच्या कितीतरी पट हप्ता त्यांनी भरला. दंड जुगाऱ्यासाठी लिहिला गेला आणि सापडला तो विमेदार माणूस.

आणि याच कायद्यात औषधांसाठी वेगळं माप आहे. पार्ट डीला उशीर झाला तर दंड लागतो, पण तिथे प्रश्न एवढाच विचारतात की मधल्या काळात तुमच्याकडे तितकाच चांगला औषधांचा विमा होता का. कोब्राचा असला, निवृत्तांचा असला, तरी चालतो, दर्जा जुळला म्हणजे झालं. शिवाय तुमचा विमा त्या दर्जाचा आहे की नाही हे कंपनीनं मेडिकेअरला पात्र असलेल्या प्रत्येकाला दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत लेखी कळवायचं, असं बंधन आहे. म्हणजे ज्या औषधांच्या दंडाची रक्कम तुलनेनं किरकोळ, त्यासाठी दर वर्षी लेखी सूचना. आणि ज्या पार्ट बीच्या चुकीनं माणूस उघडा पडतो, त्यासाठी तशी सक्ती नाही. तोच कागद, त्याच माणसाला, त्याच पाकिटातून जाऊ शकला असता. त्यात चार ओळी वाढवायला कितीसा खर्च येतो?

दुसरं माप पार्ट एचं. ज्यांना चाळीस क्रेडिट्स नाहीत त्यांना तो विकत घ्यावा लागतो, आणि उशिराचा दंड त्यालाही आहे. पण तो सरसकट १० टक्के आणि मुदतीचा: जितकी वर्षं उशीर, त्याच्या दुप्पट वर्षं भरायचा आणि मग सुटायचं. पार्ट बीच्या दंडाला ना कमाल मर्यादा, ना शेवट. हा फरक का, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

पार्ट एवरून आई-वडिलांचा विषय निघतो. आपल्या लोकांत तो सर्वांत नाजूक आहे. मुलगा नागरिक होतो, आईला ग्रीन कार्डावर बोलावतो. तिची इथे क्रेडिट्स नाहीत, मुलाची तिला लागू होत नाहीत. जोडीदाराची चालतात, मुलांची नाही, ही गोष्ट कितीतरी सुशिक्षित घरांत माहीत नसते. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिलं की पासष्टीपुढची व्यक्ती मेडिकेअर विकत घेऊ शकते, आणि तिचे सात महिने वाढदिवसाभोवती नाही, तर त्या पाच वर्षांच्या पूर्ततेभोवती मोजले जातात. ही तारीख कुठल्याही पंचांगात नसते.

आमच्या शेजारच्या आजी २०१६ च्या सप्टेंबरात आल्या. पाच वर्षं २०२१ च्या सप्टेंबरात भरली, दार डिसेंबरात मिटलं. त्या वेळी त्यांच्याकडे सरकारी सबसिडीचा विमा होता, स्वस्त होता, डॉक्टर ओळखीचे झाले होते. घरातल्या कोणालाही वाटलं नाही की काही चुकतं आहे. २०२५ च्या शेवटी वाढीव सबसिडी संपली, हप्ता एकदम चढला, आणि यंदा जानेवारीत मुलगा मेडिकेअरची चौकशी करायला लागला. एकोणपन्नास महिने होऊन गेले होते. पार्ट बीवर ४० टक्के दंड आजन्म. पार्ट एचा पूर्ण हप्ता यंदा ५६५ डॉलर, त्यावर १० टक्के, आठ वर्षं. दोन्ही मिळून महिन्याला ९०० डॉलरच्या वर. आजींना आकडा सांगितला नाही. पण घरात काही दिवस त्या जपून बोलत होत्या, जेवताना वाढून घेत नव्हत्या. त्यांच्या सूनबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा तिचा गळा दाटून आला होता. आपल्यामुळे मुलाला भुर्दंड पडतो हे म्हाताऱ्या माणसाला न सांगता कळतं.

अशा घरांनी एक गोष्ट जरूर विचारावी. उत्पन्न अगदी कमी असेल तर राज्य सरकार मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅममधून पार्ट बीचा हप्ता भरतं, आणि तो मिळाला की पार्ट बीचा उशिराचा दंड लागत नाही. औषधांसाठी ‘एक्स्ट्रा हेल्प’ मिळाली तर पार्ट डीचा दंड माफ होतो. आई-वडिलांच्या बाबतीत त्यांना बोलावणाऱ्या मुलाचं उत्पन्न मोजलं जाऊ शकतं, म्हणून आशा ठेवण्याआधी राज्याच्या मोफत सल्लाकेंद्रात विचारून घ्यावं. शिप नावाची ही केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत आणि ती काही विकत नाहीत.

औषधांचं आपलं असं एक दुखणं आहे. दर दिवाळीत किंवा मे महिन्यात पुण्याहून येणाऱ्या बॅगेत मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वर्षभराच्या पट्ट्या असतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, रबरबँड लावलेल्या. गोळ्या गावाकडून येतात, मग पार्ट डी कशाला? पण बॅगेतल्या पट्ट्या म्हणजे विमा नव्हे. ग्राह्य विम्याशिवाय सलग त्रेसष्ट दिवस गेले की विम्याविनाच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे मूळ हप्त्याच्या एक टक्का दंड चढत जातो. यंदा तो मूळ आकडा ३८.९९ डॉलर आहे, म्हणजे तीस महिन्यांचा दंड महिन्याला बारा डॉलरच्या आतच. घाबरून जाण्यासारखं नाही. पण एखादं महागडं औषध लागलं आणि पट्टी तिथूनही मिळेना, की मग पुढच्या जानेवारीची वाट बघणं येतं. आपल्या भागात जो सर्वांत स्वस्त पार्ट डी असेल तो घेऊन ठेवावा, इतकंच मी सांगते.

आता पुण्याला परत गेलेल्यांबद्दल. इथे माझं मत थोडं वेगळं पडतं. कोथरूडला फ्लॅट घेऊन २०१८ मध्ये परत गेलेले एक गृहस्थ मला भेटले. मे २०१९ मध्ये पासष्ट पूर्ण झाली. क्रेडिट्स चाळीसच्या वर, पार्ट ए फुकट. पार्ट बी त्यांनी घेतला नाही, कारण मेडिकेअर भारतातल्या इस्पितळाचं बिल देत नाही. काही मोजके अपवाद सोडले तर ती अमेरिकेबाहेर चालतच नाही. मुलीच्या ओढीनं ते यंदा परतले आणि फेब्रुवारीत नाव नोंदवलं. अठ्ठ्याहत्तर महिने, सहा पूर्ण वर्षं, ६० टक्के. २०२.९० चे झाले सुमारे ३२५.

मी त्यांच्याबरोबर बसून उलटा हिशेब केला. त्या अठ्ठ्याहत्तर महिन्यांत त्यांचे हप्त्याचे जवळपास १२ हजार ८०० डॉलर वाचले होते. महिन्याला १२२ डॉलर दंड धरला तर ही बचत पावणेनऊ वर्षांत संपते, हप्ता वाढत जाणार म्हणून थोडी आधीच. त्यांचं वय एकाहत्तर. म्हणजे निर्णय अगदीच चुकला असं म्हणता येत नाही. कायमचं पुण्याला राहणार असतील त्यांनी हप्ता न भरणं हे शहाणपणाचंही असू शकतं. पण ते म्हणाले, ‘हा हिशेब मला २०१९ मध्ये दिसायला हवा होता. तेव्हा मी कदाचित हेच केलं असतं. पण ते मी केलं असतं.’

माझ्या मनातलं त्यांनी नेमकं बोलून दाखवलं. पूर्ण माहिती असून माणूस थांबला तर दंड हा त्यानं मान्य केलेला सौदा. माहितीच नसेल तर ती नुसती शिक्षा.

नियम सगळ्यांसाठी सारखे आहेत, इंटरनेटवर सगळं लिहिलेलं आहे, मोठ्या माणसांनी वाचावं, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. आपल्यातलेच लोक ऐकवतात, ज्यांचं सुरळीत झालं ते. पण ज्याला प्रश्न पडलाच नाही तो उत्तर शोधायला जाईल कशाला? भाऊंना वाटत होतं आपण विमा घेतलेला आहे. आजींच्या मुलालाही तसंच वाटत होतं. दोघांच्याही खिशात कार्ड होतं.

सरकारला पत्ता माहीत नाही असंही नाही. सोशल सिक्युरिटीकडे प्रत्येक कामगाराची जन्मतारीख आहे, दर वर्षीच्या पगाराची नोंद आहे. आयकर चुकला तर पत्र बरोबर घरी येतं. साडेसहा कोटींहून अधिक लोक मेडिकेअरमध्ये आहेत आणि त्यांतले सात लाखांहून अधिक पार्ट बीचा दंड भरतात. शंभरात एक. ही माणसं थोडी आहेत म्हणूनच त्यांना वाचवणं स्वस्त आहे.

काही सुधारणा झाल्या आहेत, तेही सांगायला हवं. पूर्वी जानेवारी ते मार्चमध्ये नाव नोंदवलं तरी विमा सुरू व्हायचा १ जुलैला. म्हणजे दंड भराच, वर कित्येक महिने उघड्यावर राहा. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या कायद्यानं हे बदललं. २०२३ पासून नोंदणीच्या पुढच्याच महिन्यात विमा सुरू होतो. पण बेनेस नावाच्या त्या मूळ विधेयकात पासष्टीला येणाऱ्या प्रत्येकाला आगाऊ सूचना पाठवण्याचं कलमही होतं आणि तेच गळलं. पुढे ते बेनेस २.० या नावानं पुन्हा मांडलं गेलं. दोन्ही पक्षांतल्या लोकांनी मांडलं. आपल्या काँग्रेस सदस्याला फोन करणं हे या देशात मोठं काम नाही, पण आपली माणसं व्हिसाच्या प्रश्नासाठी जितक्या हिरिरीनं फोन करतात तितकी यासाठी करत नाहीत. व्हिसाचा प्रश्न तिशीचा असतो, तेव्हा अंगात रग असते. हा प्रश्न पासष्टीचा आहे, आणि तेव्हा माणूस थकलेला असतो. म्हणून तो तिशी-चाळिशीतल्यांनी उचलायला हवा, त्यांच्या आया इथे राहायला येत आहेत.

२०२३ पासूनच आणखी एक वाट उघडली आहे. कंपनीनं किंवा विमा एजंटानं चुकीची माहिती दिल्यामुळे उशीर झाला असेल, तर खास मुदत मागता येते आणि त्या मुदतीत नोंदणी झाली तर दंड लागत नाही. सरकारी कर्मचाऱ्यानंच चुकीचं सांगितलं असेल तर सोशल सिक्युरिटीकडे दंड रद्द करण्याची विनंती करता येते. भाऊ या वाटेनं गेले होते. त्यांना पुरावा मागितला गेला. एचआरच्या बाई फोनवर बोलल्या होत्या, एकही ओळ लेखी नव्हती, आणि तोपर्यंत त्या बाईही ती कंपनी सोडून गेल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की फोन करा, पण फोन ठेवल्याबरोबर ईमेल लिहा: आज आपलं असं बोलणं झालं, मी बरोबर समजलो ना? उत्तर आलं तर कागद झाला. नाही आलं तरी तुमची तारीख राहिली.

आणि आपली मंडळं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये सुरू झालं, गावोगावी मंडळं आहेत, ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’सारखा उपक्रम आहे. गणपतीत हजार माणसांच्या जेवणाची पानं आपण बिनचूक मांडतो. त्याच मंडळाच्या यादीत सभासदाचं जन्मवर्ष असतं. चौसष्टी पूर्ण झालेल्याला आणि ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना साडेचार वर्षं झाल्यावर मराठीत एक पत्र जावं, ज्यात त्याची तारीख लिहिलेली असेल, एवढं मला हवं आहे. व्याख्यान नको, पॉवरपॉइंट नको. व्याख्यानाला तेच येतात ज्यांना आधीच काळजी असते. पत्र न विचारणाऱ्याच्याही घरी पोचतं. हे मी आमच्या मंडळाच्या समितीत दोनदा मांडलं. यंदा त्यांनी होकार दिला आणि पहिली यादी माझ्याकडे आली आहे. एक्केचाळीस नावं.

यादी करताना एक आपलीच म्हणावी अशी भानगड समोर आली. त्या एक्केचाळीसपैकी नऊ जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली. मेडिकेअरच्या नियमात ज्याचा वाढदिवस महिन्याच्या १ तारखेला येतो त्याची पात्रता आदल्या महिन्यापासून धरतात. म्हणजे या नऊ जणांचे सात महिने मार्चमध्ये नाही, १ फेब्रुवारीला सुरू होतात आणि सप्टेंबरअखेर नाही, ऑगस्टअखेर संपतात. त्यांच्या पत्रांत ही ओळ मी हातानं लिहिली.

भाऊंच्या पत्नी त्या नऊ जणांतल्याच. यंदा पासष्टीच्या. त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ लटकत होतं. मार्चच्या पानावर १ तारखेभोवती भाऊंनी लाल पेनानं गोल काढून ‘मेडिकेअर’ लिहिलं होतं. मी पान मागे उलटलं आणि त्यांना ते १ जूनचं सांगितलं. त्यांनी मार्चवर काट मारली, फेब्रुवारीच्या १ तारखेला नवा गोल काढला. १ तारखेला रविवार होता. सकाळी साडेआठला त्यांचा फोन आला, अर्ज भरला म्हणून. त्यांच्या पत्नी मागून सांगत होत्या, प्रिंट काढून घ्या, प्रिंट.